घराला सुटलेला घाम

बीड जिल्ह्यात ओल म्हटलं की लोक हसतात. "मामा, आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई, भिंतीला कुठनं येईल?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरही देत नाही. नुसतं म्हणतो, चहा पाजा आणि घर दाखवा. घरात शिरलो की कोपऱ्यातलं कपाट पुढं ओढतो. मागं भिंतीवर काळी बुरशी असते, कधी ताटाएवढी, कधी दारापर्यंत पसरलेली. मग हसणं बंद होतं आणि घरातली बाई म्हणते, "बघा, मी सांगत नव्हते का?" बायकांना आधीपासून ठाऊक असतं. कपाटातल्या साड्यांना वास त्यांनाच येतो.

माझं नाव भानुदास. राहायला माजलगावात. आधी गवंडी होतो, मग रंगारी झालो, आणि गेली वीसेक वर्षं फक्त ओलीची कामं करतो. कुणी लिकेजवाला म्हणतं, कुणी ओलमामा. आमच्या गल्लीतले एक सर दिवाळी अंक काढतात. ते म्हणाले, यंदा तुमच्या धंद्याबद्दल लिहा. मी म्हटलं, सर, ओलीबद्दल कोण वाचणार? ते म्हणाले, ज्यांच्या भिंती भिजतात ते वाचतील. आता बोला! म्हणजे अर्धा तालुका झाला की. म्हणून लिहायला बसलोय. शुद्धलेखन सरांनी बघावं.

धंदा समजावून सांगतो, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ओल तीन वाटांनी येते. एक वरून. स्लॅबला चीर गेली, गच्चीवर पाणी तुंबलं, पाइप फुटला. ही ओल सरळ आहे, समोर येऊन भांडते. दुसरी खालून. आमच्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस आला, जमिनीतलं पाणी वर आलं, ते विटांमधून हळूहळू चढतं. भिंतीला गुडघ्यापर्यंत पांढरा लोणा फुटतो, गिलाव्याचे पोपडे पडतात, बोट लावलं की भुगा. तिसरी ओल वरूनही येत नाही आणि खालूनही नाही. ती घरातलीच असते. माणूस श्वास सोडतो, त्यात पाणी असतं. भात शिजतो, आंघोळीचं पाणी तापतं, ओले कपडे दोरीवर वाळतात, या सगळ्यातून वाफ निघते. तिला बाहेर जायला वाट नसली की ती खोलीतली सगळ्यात गार जागा शोधते. पौषात पहाटे स्लॅब थंडगार पडलेला असतो. घर तापवायची रीत आपल्याकडं नाही, शेकायचं तर अंगणात. मग त्या गार स्लॅबवर वाफेचं पाणी होतं आणि टपटप खाली पडतं. गार पाण्याचा तांब्या बाहेरून भिजतो, तसंच. याला मी घराचा घाम म्हणतो.

कुठली ओल कुठली, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. साडीवर असते ती पारदर्शक पिशवी घ्यायची, हातभर तुकडा कापायचा, भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी बघायचं. प्लास्टिकच्या मागं, भिंतीच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतली. पुढं, खोलीच्या बाजूला थेंब आले तर ओल खोलीतली. झालं. यात अक्कल लागत नाही, दोन दिवस थांबायचा धीर लागतो. तो धीर माझा एकदा सुटला. ते पुढं येईल.

परळीत एक कापड दुकानदार होते. त्यांच्या निजायच्या खोलीची भिंत आणि शेजाऱ्याच्या न्हाणीची भिंत एकच. भिंत भिजली की हे शेजाऱ्याला शिव्या द्यायचे. तीन वर्षं बोलणं बंद, एकमेकांच्या लग्नकार्यालाही गेले नाहीत. मी प्लास्टिक लावून आलो, तिसऱ्या दिवशी गेलो, तर थेंब खोलीच्या बाजूला. बाहेरची धूळ, वीजकेंद्राची राख आत येते म्हणून शेठजींनी सगळ्या खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्या होत्या, आणि खोलीतच न्हाणी, तिथं गिझर. मी म्हटलं, "शेठ, पाणी तुमचंच हाय." ते माझ्यावरच उखडले. "असं कसं? तीन वर्सं मी त्याच्याशी बोललो न्हाई!" मी म्हटलं, मग आता बोला. खिडकी त्यांनी त्याच दिवशी उघडली. शेजाऱ्याशी बोलायला आणखी वर्ष लागलं. इतकी वर्षं सांभाळलेला राग एका पिशवीच्या तुकड्यापायी कसा टाकून द्यायचा?

आणि एक पुढारी. नाव सांगत नाही, मला याच तालुक्यात राहायचंय. त्यांच्या दिवाणखान्याला लोणा फुटला होता. मला म्हणाले, "मामा, ओल काढू नका. झाका. पंधरा दिसांनी मोठी मंडळी येणार हाईत." मी सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी दुसरा माणूस आणून भिंतीवर चकचकीत पॅनल ठोकून घेतले. मंडळी आली, जेवली, गेली. पुढच्या पावसाळ्यात पॅनलच्या फटीतून छत्र्या उगवल्या, चांगल्या पांढऱ्या, भाजी करण्याजोग्या. मला फोन आला तेव्हा मी हसू आवरलं, पण फार वेळ नाही.

ही झाली गंमत. अशा गमती सांगत बसलो तर अंक भरेल. पण मला सांगायचं आहे ते वेगळं, आणि ते सांगायला मला दोन वर्षं लागली.

माझी बायको शालन तीन वर्षांपूर्वी गेली. हृदयाचा झटका, दुपारी चारला, भांडी घासता घासता. मुलगी पुण्याला असते, तिचा रविवारी फोन येतो. शालन असताना आमच्या घरात हिवाळाभर एकच भांडण. ती मधल्या खोलीत दोरी बांधून ओले कपडे वाळत घालायची आणि खिडकी लावून घ्यायची. मी खिडकी उघडायचो. "अगं, मी गावाच्या ओली काढतो आणि माझ्या घरात बुरशी? लोक काय म्हणतील?" ती म्हणायची, "लोकांना थंडी वाजत न्हाई, मला वाजती." खिडकी पुन्हा बंद. ती गेल्यावर खिडकी लावायला कुणी उरलं नाही. मी मिळेल ते काम घ्यायला लागलो. लांबचं असलं तर आणखी बरं. संध्याकाळ होईपर्यंत दुसऱ्याच्या घरात राहायला मिळायचं. माणसं बोलायची, चहा व्हायचा. काम संपलं तरी मी घमेलं धूत बसायचो. काम कसलंही चालायचं. ओल कुठून आली याचा विचार करायला मन जागेवर नव्हतं.

अशा दिवसांत, पौष महिना, मल्हारीचा फोन आला. मल्हारी धनगर. तेलगावच्या अलीकडं, रस्ता सोडून आत, पाच-सहा घरांची वस्ती आहे, तिथला. मेंढरं घेऊन तो आठ महिने बाहेर असतो. गोदावरीकडच्या गावांत शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवतात, आज इथं, चार दिवसांनी तिथं. बायको-लेकरंही सोबत. घरी त्याची आई, हौसाबाई, एकटी. सत्तरीची. चालणं होत नाही म्हणून मागं राहिलेली. मल्हारी म्हणाला, "मामा, घरकुलाचा स्लॅब गळायलाय. मायचं अंथरुण भिजायलंय. बघता का जरा?"

मी गेलो. सरकारी योजनेतली एक खोली, एक दार, एक खिडकी. हौसाबाई दारात बसलेली. अंगानं काटकी, आवाज मात्र खणखणीत. खोलीत अकरा कोकरं. ज्या कोकरांची आई मेली, ज्यांच्या आईला दूध नाही, जी लंगडी, जी उशिरा झाली, ती सगळी म्हातारीकडं. कळपाबरोबर चालायची त्यांची ताकद नाही. ती त्यांना बाटलीनं शेळीचं दूध पाजायची. लांडग्याच्या भीतीनं आणि थंडीच्या भीतीनं दिवस मावळला की सगळ्यांना आत घ्यायची, दार लावायची, खिडकीत गोणपाट कोंबायची.

मी वर बघितलं. स्लॅबला खालून थेंब लोंबत होते. कोपरे काळे. आता कुणीही विचारेल, पाऊस जाऊन तीन महिने झाले, मग स्लॅब कसा गळेल? मी विचारलं नाही. वीस वर्षं लोकांना हेच शिकवलं आणि त्या दिवशी मला स्वतःला सुचलं नाही. बांधणाऱ्यानं स्लॅब कच्चा टाकला असेल, पावसाचं पाणी आत मुरलं असेल, असं ठरवून मोकळा झालो. दोन दिवस थांबून प्लास्टिक बघायचं होतं. पण दोन दिवस थांबायचं म्हणजे दोन दिवस घरी बसायचं. ते मला नको होतं. मला लगेच घाम गाळायचा होता.

चार दिवस वर राबलो. स्लॅब घासला, विटांच्या तुकड्यांचा कोबा केला, वर केमिकलचे दोन हात. मग आत आलो. भिंती खरवडल्या, पाणी न शोषणारा भारी रंग लावला. खिडकीच्या चौकटीभोवती फटी होत्या, त्या सिमेंटनं बुजवल्या. दारावर हातभर जाळी होती, तीही बुजवली. "आक्का, आता वारं बी येणार न्हाई."

हौसाबाई चार दिवस माझं काम बघत होती. एकदा म्हणाली, "मिस्तरी, आमच्या जुन्या घराला वर साणं व्हतं. ह्याला कावून न्हाई?"

साणं म्हणजे आपल्या माळवदाच्या मातीच्या छताला मधोमध ठेवलेलं भोक. तिथून उजेड येतो, चुलीचा धूर जातो. पावसात वर पाटी झाकायची. मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, "आक्का, मी भोकं बुजवायला आलोय, तुमी भोक पाडायला सांगता? स्लॅबला भोक पाडणारा शहाणा अजून जन्मायचाय." तीही हसली. पाहुण्यानं थट्टा केली की हसायचं, म्हणून हसली असेल.

वीस दिवसांनी मल्हारीचा फोन. "मामा, तुमी काम केलं का येड्याचा बाजार केला? पयलं थेंब पडायचे, आता धार लागलीय. दोन कोकरं मेली. मायला दम भरला म्हणून दवाखान्यात नेलतं, चार दिस ठिवलतं." फोन ठेवताना मला कळलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आधी निदान मातीचा-चुन्याचा थोडा गिलावा होता, तो थोडं पाणी प्यायचा. मी वर असा रंग लावला की भिंत पाणी घेईना. आधी चार फटी होत्या, त्याही बुजवल्या. म्हातारीला मी चांगल्या पिशवीत बांधून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो, उजाडता उजाडता वस्तीवर पोचलो. मल्हारी आलेला होता. त्यानं दार उघडलं आणि आतून भपकन वाफ आली, ऊबदार, लोकरीच्या आणि दुधाच्या वासाची. नऊ कोकरं एकमेकाला चिकटून, मधे घोंगडं, घोंगड्यात हौसाबाई. भिंतीवरून पाणी ओघळून जमिनीवर थारोळं. मी खिशातली पिशवी काढली, कापली, चिकटवली. मला कळलं होतं. तरी चिकटवली. आता चूक करायची माझी हिंमत नव्हती.

मल्हारी मला बाजूला घेऊन म्हणाला, "डाक्टर म्हणला, असल्या घरात म्हातारी वाचायची न्हाई. मी तिला अंबाजोगाईला बहिणीकडं टाकावं म्हणतो. तिथं वरच्या मजल्यावर खोली हाय. पर ती ऐकंना. म्हणती, हितंच मरती." मग म्हणाला, "मामा, ती माझं ऐकत न्हाई. तुमच्या हातनं चूक झाली, ती बी तुमीच निस्तरा. हे घर ऱ्हाण्याजोगं हाय का न्हाई, तुमी सांगा. तुमी व्हय म्हणलं तर ऱ्हाईल. न्हाई म्हणलं तर मी उचलून नेतो."

असला न्याय माझ्याकडं कधी आला नव्हता. भिंतीचं सांगता येतं हो. माणसाचं कसं सांगायचं?

तिसऱ्या दिवशी गेलो. थेंब खोलीच्या बाजूला. हौसाबाईला जवळ बोलावून दाखवलं, समजावलं. ती प्लास्टिकवर बोट फिरवून बघत राहिली. म्हणाली, "म्हंजी आमचाच दम पानी हून पडायलाय व्हय?"

"व्हय आक्का. तुमचा आन् कोकरांचा."

"आन् म्या म्हणलं नव्हतं का, साणं पायजे म्हणून?"

मी मान खाली घातली. म्हटलं, "आक्का, चुकलं माझं. तुमचं ऐकायला पाह्यजे होतं." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आमचं कोण ऐकतंय."

त्याच दिवशी छिन्नी-हातोडा काढला. समोरासमोरच्या दोन भिंतींना, अगदी स्लॅबच्या खाली, वीतभर रुंद भोकं पाडली. बाहेरून पावसासाठी छोटी छपरं, आतून जाळी, लांडगाच काय उंदीरही शिरू नये अशी. रंग खरवडून काढला, चुना लावला. खिडकीतलं गोणपाट फेकून दिलं. एका बाजूनं हवा आली, दुसऱ्या बाजूनं वाफ गेली. मला वाटलं, सुटलो.

आठवड्यानं गेलो तर भिंत परत ओली. वर बघतो तर दोन्ही भोकांत घोंगड्याचे तुकडे कोंबलेले. मी संतापलो. "आक्का, काय केलं हे?"

"कोकरं कुडकुडतेत. ते लंगडं तर रातभर थरथरतंय. बाटली तोंडात धरंना."

"आन् तुमाला दम भरतो त्याचं काय?"

"माझं काय, मिस्तरी. माझं झालं."

मी कपडा काढायचो, ती कोंबायची. असं तीनदा झालं. भोक उघडं ठेवलं तर कोकरं गारठतात, बुजवलं तर म्हातारी गुदमरते. कोकरांना बाहेर जाळीच्या कुंपणाच्या वाडग्यात ठेवायचं तर लांडगा. मी खूप डोकं खाजवलं. आणि मल्हारी उत्तराची वाट बघत होता. मेंढरं तिकडं बायकोच्या भरवशावर, त्याला परतायचं होतं.

मी सांगितलं. दोघांच्या समोर, स्पष्ट सांगितलं. "घर चांगलं हाय. आक्का हितं ऱ्हाऊ शकतात. पर कोकरं आत नकोत. कोकरं ऱ्हायली तर आक्का ऱ्हाणार न्हाईत."

हौसाबाई म्हणाली, "मंग घरात कोण ऱ्हाईल?"

"तुमी ऱ्हाल की."

ती उठून कोकरांकडं गेली. मल्हारी लगेच कोकरं कळपाकडं न्यायला टेम्पो घेऊन आला. वाट काढल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसत होता, बिचाऱ्याचा दोष नाही. त्याला आई जिवंत पाहिजे होती, आणि ती तिच्या घरात राहणार होती. एकेक कोकरू हौसाबाईनंच उचलून दिलं. लंगडं शेवटी दिलं. टेम्पो वळणाआड गेला तरी कोकरांचं ओरडणं ऐकू येत होतं. मी आत जाऊन भिंतीला हात लावत होतो, थेंब पुसत होतो. मला दुसरं काही करायचं सुचलं नाही.

आठ दिवसांत भिंत वाळली. पंधरा दिवसांत खणखणीत. बुरशी गेली, वास गेला, तिचा खोकलाही निम्म्यावर आला. मी मोबाइलवर फोटो काढला, आधीचा आणि नंतरचा. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. एवढं अवघड काम मी आजवर केलं नव्हतं. पुढं कित्येक गिऱ्हाइकांना मी तो फोटो दाखवला.

उत्तर मला सुचलं ते नंतर, एसटीत, खिडकीशी बसलो असताना. सोपं उत्तर होतं हो, लाज वाटावी इतकं सोपं. तिच्या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याचं छप्पर घालायचं. तीन बाजूंनी कमरेएवढी भिंत, वर पक्की जाळी, वाऱ्याच्या अंगाला गोणपाट. कोकरं तिथं. आणि मधल्या भिंतीत, खाली, म्हातारीच्या उशाशी, एक जाळीची खिडकी. त्यांचा श्वास तिकडं, हिचा इकडं. ओरडली तर ऐकू येतील. हात घालून कुरवाळता येतील. माझं दोन दिवसांचं काम. गवंड्याचं काम, मला वयाच्या सोळाव्या वर्षापासून येणारं.

मग का केलं नाही? आधी म्हटलं, कोकरं आता मोठी होतील, पुढच्या हिवाळ्यात बघू. मग उन्हाळा आला, गच्च्यांची कामं आली. मग पावसाळा, गळतीची कामं आली. पुढच्या हप्त्यात जाऊ, पुढच्या हप्त्यात जाऊ. मी तिला फोनही केला नाही. आपलं काम झालं की घर विसरायचं, ही धंद्याची सवय. मनावर घेतलं असतं तर एका रविवारी झालं असतं. रविवारी मी मुलीच्या फोनची वाट बघत घरी बसायचो आणि फोन दहा मिनिटांत संपायचा.

गेल्या हिवाळ्यात, दिवाळी झाल्यावर, मी पत्रे घेतले, जाळी घेतली, एका ओळखीच्या माणसाच्या पिकअपमध्ये टाकून वस्तीवर गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. पिकअपवाला माल उतरवून पुढं गेला. हौसाबाई दारात उन्हाला बसली होती. जरा वाकली होती. मला ओळखलं. "या मिस्तरी. हे काय आणलंव?"

मी उत्साहानं सांगायला लागलो. हातवारे करून दाखवलं, इथं छप्पर, इथं जाळी, इथं उशाशी खिडकी. "औंदाची कोकरं इथं बांधा आक्का. लांडगा न्हाई, थंडी न्हाई, भिंत न्हाई भिजायची." ती शांतपणे सगळं ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "लई चांगलं हाय. पर कोकरं कुठायत?"

मल्हारीनं मिरगाच्या आधीच मेंढरं विकली होती. सगळीच. चराईला रानं राहिली नाहीत, लेकरांच्या शाळेचं हाल होतं, असं ती म्हणाली. तो आता पुण्याकडं कुठंतरी टेम्पो चालवतो, बायको-लेकरं तिकडंच. आईला चल म्हणाला होता. ती गेली नाही. घर चांगलं आहे, असं मीच सांगितलं होतं ना.

मी आत गेलो. सवयीनं भिंतीला हात लावला. कुठं डाग नाही, कुठं पोपडा नाही. चुना जसाच्या तसा. वरची दोन्ही भोकं उघडी. कोपऱ्यात एक ताट, एक तांब्या, घडी केलेलं घोंगडं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम, आणि ते बघताना मला रडू आलं. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

ती मागून आली. म्हणाली, "वाळली की न्हाई भिंत? लई नामी काम केलं तुमी. आता घरात कुनी हाय का न्हाई, ते बी कळत न्हाई तिला."

"आक्का, माझ्या घरची बी अशीच कोरडी हाय," मी म्हटलं. ते का म्हणालो मला ठाऊक नाही. दोन वर्षांत मी हे कुणाला बोललो नव्हतो, मुलीलाही नाही.

तिनं विचारलं, "मालकीन?"

"वारली."

ती वळून चुलीकडं गेली, काटक्या सारल्या, चहाचं आधण ठेवलं. मी बाहेर जाऊन पत्रे आणि जाळी भिंतीला नीट टेकवून ठेवली, हात झटकले आणि दारातून म्हणालो, "चहा नको आक्का. पाचची एसटी हाय. निघतो."

"कोन वाट बघायलंय घरी?"

तिनं घोंगडं उलगडून अंथरलं, हातानं सारखं केलं.

"मंग बसा की जरा," ती म्हणाली. "दोघांच्या दमानं न्हाई भिजत भिंत."

मी बसलो.